पेव उघडायला पाच जण

मंगळवार, १४ फेब्रुवारी १९३३, मालेगाव. – दूध पाणचट, गवळ्याला बोलले. दवाखान्यात एकवीस रोगी. दुपारी किन्हीराजाहून बैलगाडीतून एक म्हातारी आणली. नाव सोजरबाई, साठीच्या आतली. बरोबर मुलगा दौलत आणि सून प्रयागबाई. हातपाय काटक्या, पोट मात्र दिवस भरलेल्या बाईसारखे. वाटेत दोनदा ओकली. ओकारी काळी, चहाच्या चोथ्यासारखी. गाडीतला कडबा जाळून टाकायला सांगितला. ह्यांनी तिला आपल्या गोठ्यात ठेवून घेतले. मला पसंत नाही.

ललिताबाई रोजनिशी लिहीत ती दिवेलागणीच्या आधी, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी पाट मांडून. नागपूरच्या कॉन्व्हेंटात एका मदरने त्यांना ही सवय लावली होती आणि बजावले होते की दिसले ते लिही, वाटले ते देवाला सांग. ‘मला पसंत नाही’ हे वाटलेले होते. तरी त्या दिवशी त्यांनी ते लिहिले, आणि खोडले नाही.

ललिताबाईंचे यजमान डॉक्टर; त्यांचा दवाखाना घराच्या पुढच्या पडवीत होता. ठेवून घेण्यासारखा रोगी आला की त्याची सोय मागच्या गोठ्यात. गाय एका कोपऱ्यात बांधायची, उरलेल्या जागेत खाट टाकायची, फिनेल शिंपडायचे, राख पसरायची. पण सोजरबाईच्या तोंडाचा वास फिनेललाही पुरून उरला. आंबलेल्या पिठासारखा, गंजलेल्या तव्यासारखा, आणि त्याच्या तळाशी आणखी काहीतरी, ज्याला नाव नाही. ललिताबाई पदर नाकाशी धरूनच गोठ्यात जात. घरची भांडी घासणारी बाई दुसऱ्या दिवसापासून यायचीच बंद झाली.

पोटातले पाणी काढायचे ठरले तेव्हा बादली धरायला बाईमाणूस हवे होते. प्रयागबाई पुढे येईना, म्हणून ललिताबाईंनाच बसावे लागले. डॉक्टरांनी बेंबीच्या खाली नळी टोचली आणि पाणी धारेने बादलीत पडू लागले. वाळल्या कडब्याच्या रंगाचे, वर तांबूस फेस. एक बादली भरली, दुसरी अर्धी झाली. कोमट होते ते. बादलीच्या काठावरून शिंतोडा मनगटावर उडाला तेव्हा ललिताबाईंनी नाक मुरडून तो पदराला पुसला.

सोजरबाई उताणी पडून त्यांच्याकडेच पाहत होती.

“बाई, नाक लय मुरडू नोका. वारं लागलं तं तसंच राहीन,” ती म्हणाली. मग डॉक्टरांना, “डाक्टर, पेवात झिरपा लागला ना?”

“पेवात?”

“जमिनीतल्या पेवात, बापा. भितीले चीर पडली का पानी शिरते. वरून काई समजत नाई. पेव वरून चांगलंच दिसते.”

ही तिची रोजची भाषा होती, कारण तिचा जन्म पेवात गेला होता. रिसोडकडची पोर, नवव्या वर्षी लग्न होऊन किन्हीराजाला आली. तिचा नवरा गावची पेवे उघडायचा आणि भरायचा. माणसाहून दीडपट खोल खड्डा, तोंड लहान, पोट मोठे; आत ज्वारी भरायची, वर कडबा आणि चिखलाचे झाकण. उघडताना आधी दिवा सोडायचा. दिवा विझला तर आतली हवा वाईट, उतरायचे नाही. एका चैत्रात नवरा घाईने दिव्यावाचून उतरला. दोर सोजरबाईच्या हातात होता. तिने हाका मारल्या, मग दोर ओढला. वर रिकामा दोरच आला.

त्यानंतर पेव सारवायला तीच उतरू लागली. चिखल, शेण आणि बारीक भुसा कालवून भिंतीवर हात फिरवायचा, सुकला की आत कडबा जाळायचा, पुन्हा सारवायचे. तिच्या हातचे पेव पावसाळा काढी. गावातले मोठे शेतकरी नानाजी वीस वर्षे दुसऱ्या कोणाला आपल्या पेवात उतरू देत नव्हते. मजुरी म्हणून रीतीप्रमाणे तिला तळचे धान्य मिळे. ते म्हणजे भिंतीला आणि बुडाला लागलेले, काळपट, कुबट दाणे. सात पाण्यांनी धुऊन, वाळवून, त्याच ज्वारीवर तिने दौलतला वाढवले होते.

गेल्या दिवाळीपासून तिला जेवण जाईना. दोन घासांत पोट भरे, मग उलटे. मग अंग झडत गेले आणि पोट वाढत गेले. गाव म्हणू लागले की सून रांधते, सूनच वाढते, तिनेच तळची सडकी ज्वारी निवडून म्हातारीला घातली. शेजारची तुळसाबाई तर म्हणे की नुसती सडकी नाही, मंतरलेली. म्हातारी मेली की प्रयागबाईला तिच्या लेकरासकट माहेरी हाकलायचे, हे गावात जवळजवळ ठरले होते. दौलत बायकोच्या हातचे पाणी पीत नव्हता. गोठ्यातही स्वतः विहिरीवर जाऊन प्यायचा. ललिताबाईंनी ते पाहिले आणि लिहिले.

प्रयागबाईने राहण्याच्या बदल्यात घरची कामे अंगावर घेतली. सकाळी न्हाऊन ती डॉक्टरांच्या चुलीवर भाकरी थापायची. पातळ, गोल, पापुद्रा सुटलेल्या. डॉक्टर तारीफ करून खात. ललिताबाई आपली भाकरी पदराखाली घेऊन मागे जात आणि गाईपुढे टाकत. रोजनिशीत त्या रोज लिहीत, ‘भाकरी गाईला.’ कारण लिहीत नव्हत्या. त्या हातांनी ओकारीची फडकी धुतली, म्हणून? की तुळसाबाईचे बोलणे कुठेतरी रुतून बसले होते? मदरने शिकवलेली मोठी मोठी पुस्तके होती डोक्यात, आणि घशाखाली एक घास उतरत नव्हता.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात डॉक्टर एका गावी रोगी पाहायला गेले असताना तुळसाबाई आली. बरोबर एक तुंबडीवाला. बैलाचे पोकळ शिंग अंगावर लावून तोंडाने दोष ओढून काढणारा. ललिताबाईंनी हाकलायला तोंड उघडेपर्यंत त्याने शिंग सोजरबाईच्या ताणलेल्या पोटावर रोवलेसुद्धा. गाल आत ओढून त्याने असे चोखले की आवाज ओसरीपर्यंत आला. मग थाळीत थुंकला. लाल लाळ, तिच्यात केसांचा गुंता आणि ज्वारीचे पाचसहा दाणे.

ललिताबाईंना त्या लाळेची किळस आली आणि त्याहून जास्त तुळसाबाईच्या चेहऱ्यावरच्या समाधानाची.

“पाह्य! पाह्य व माय!” तुळसाबाई ओरडली. “पेवातली जवारी! मी म्हनत नोहती?”

“इकडे आन थाळी,” सोजरबाई म्हणाली. तिने त्या घाणीत बोट घातले, एक दाणा उचलला, लुगड्याला पुसला, हुंगला, चिमटीत फिरवला.

“हे यंदाची जवारी हाये. खळ्यावरची. पेवातल्या दान्याले वास असते, धुतला तरी जात नाई. काहून रे, येताना कोनाच्या खळ्यावरून आला? गालात ठेवून आनले का?”

तुंबडीवाल्याने शिंग झोळीत घातले. तुळसाबाई म्हणाली, “तुले काय समजते, बुढे, तू तं मरून राह्यली.”

“मरून राह्यलो, पन नाक हाये ना.”

तिचे कोणी ऐकले नाही. थाळीतले दाणे तुळसाबाईने चिंधीत बांधून गावाला नेले, दाखवायला.

त्याच दिवशी विहिरीपाशी प्रयागबाई ललिताबाईंच्या पायाशी बसली. “बाई, ते जवारी मीच निसली होती. तळची. साऱ्यांनी खाल्ली, माह्या लेकरानं खाल्ली. पन पयली भाकर मी नेहमी बुढीलेच वाढतो. पयल्या भाकरीतच काई असंन तं? माह्याच हातानं झालं असंन तं?”

रात्री जेवताना ललिताबाईंनी डॉक्टरांना विचारले, “अहो, त्या बाईच्या पोटात नेमके आहे काय?”

डॉक्टर वरणभात कालवता कालवता सांगू लागले. “जठराच्या आतल्या अस्तरात गाठ होते. ती तिथेच राहिली तर एक वेळ ठीक. पण ती भिंत पोखरत बाहेरच्या अंगाला आली की तिचे कण सुटतात. पोटाच्या पोकळीत थोडे पाणी असतेच, आतडी एकमेकांवर घसरावीत म्हणून. आपण श्वास घेतो, कूस बदलतो, त्या पाण्याबरोबर ते कण हिंडतात. आतड्यांपुढे चरबीचा पडदा लोंबतो, त्याला चिकटतात. सगळ्यांत खोल जागा ओटीपोटात, तिथे जाऊन बसतात. आणि रुजतात. प्रत्येक कणाची पुन्हा गाठ. मग त्या गाठी पाझरतात आणि पोट पाण्याने भरते. काढले तरी भरते.”

“आणि हे खाण्यातून होते?”

“कशाने होते ते मला माहीत नाही, कोणालाच नाही. सुनेने वाढलेल्या एका भाकरीने होत नाही, एवढे छातीवर हात ठेवून सांगतो. तू जेवत का नाहीस?”

ललिताबाईंनी ताट सारले. पिवळ्या वरणात भाताची शिते तरंगत होती आणि त्यांना ती बादली आठवत होती. नवऱ्याचे म्हणणे त्यांना पटले. दुसऱ्या दिवशी सकाळी तरीही भाकरी गाईलाच गेली.

पाणी आणखी दोनदा काढले. दर खेपेला ते लवकर भरले आणि जास्त तांबडे निघाले. महिनाअखेर सोजरबाईचा आवाज इतका बारीक झाला की ऐकायला वाकावे लागे, आणि वाकले की वास. ललिताबाई वाकल्या.

“बाई, एक काम करा. पेव कधी एकट्यानं उघडत नाई. पाच जन लागतेत. मालकानं एकट्यानं उघडलं अन् सांगतलं का माल सडला, तं कोन मानीन? मी गेलो का माहं पोट उघडा. पाच जनाईच्या समोर. नानाजी पाह्यजे. अन् तुळसा तं पाह्यजेच.”

“अहो, काय बोलता! बाईमाणसाचे अंग परक्या पुरुषांपुढे...”

“मेल्यावर कायची लाज. सून जिती हाये, तिची लाज राखा.”

डॉक्टरांनी ऐकताच हात झटकले. “मेलेल्या म्हातारीचे पोट गावकऱ्यांपुढे फाडू? त्यांना काय कळणार? मी सांगतो ना, रोग होता म्हणून.”

“तुम्ही सांगाल ते कोणी मानणार नाही,” ललिताबाई म्हणाल्या. “मीच मानले नाही. दीड महिना तिच्या हातची भाकरी मी गाईला घालते आहे.”

डॉक्टरांनी दौलतचा अंगठा घ्यायला कागद काढला, आणि म्हातारीला घरघर लागली त्या रात्री किन्हीराजाला गाडी पाठवली.

दोन एप्रिलला, रविवारी, पंच पोचले तेव्हा सोजरबाई जाऊन तास झाला होता. नानाजी, तुळसाबाई आणि आणखी तिघे शेतकरी. गोठ्याचे दार काढून ते दोन पिंपांवर टेकवले होते, त्यावर तिला ठेवली. गाय बाहेर बांधली. ललिताबाईंनी तिच्या अंगावर डोक्यापासून पायापर्यंत चादर घातली आणि पोटावर कात्रीने एक चौकोन कापला, तेवढाच. दौलत भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. प्रयागबाई दाराशी.

डॉक्टरांनी सुरी चालवली. आधी पाणी आले, चादर भिजवत, दारावरून ओघळत, शेणाच्या जमिनीवर. मग वास आला. तिघांतला एक शेतकरी बाहेर पळाला आणि कुंपणापाशी ओकत बसला. नानाजींनी त्याला हाक मारून परत बोलावले. “पाच म्हनजे पाच. ये इकडे.”

डॉक्टरांनी कातडी दोन बाजूंना ओढली. आतड्यांपुढचा चरबीचा पडदा, जो ओल्या मलमलीसारखा पातळ असायचा, तो आकसून ढेपेसारखा कडक गोळा झाला होता. आणि त्याच्यावर, आतड्यांवर, पोटाच्या आतल्या भिंतीवर, खाली ओटीपोटाच्या खोल खळग्यात तर गच्च, सगळीकडे दाणे. पांढरे, गोल, टपोरे.

मग तुळसाबाई किंचाळली.

“जवारी! नानाजी, पाहा! जवारीच हाये नं! तुंबडीवाला खोटा होता का?”

डॉक्टर पुस्तकी शब्द बोलू लागले, ते कोणाच्या कानात जाईनात. पंचांचे चेहरे बदलताना ललिताबाईंनी पाहिले. त्यांना स्वतःलाही क्षणभर ज्वारीच दिसली होती. त्याची त्यांना शिसारी आली. त्यांनी नाकावरचा पदर काढला. पदर धरून बोलता येत नाही.

“तुळसाबाई, खाल्लेले कुठे जाते?”

“पोटात.”

“पोटात कुठे? ही बघा ती पिशवी. खाल्लेले सगळे हिच्यात येते. अहो, ही उघडा.”

डॉक्टरांनी जठर उभे चिरले. भिंत चपलेच्या तळव्यासारखी जाड आणि ताठ झाली होती. आत एका जागी उंच काठाचे, काळे पडलेले क्षत. बाकी नुसता काळा चिकटा. ललिताबाईंनी तांब्याने पाणी ओतले. चिकटा वाहून गेला. आत एक दाणा नव्हता.

“खाल्लेली ज्वारी असती तर हिच्यात असती. हे सगळे हिच्या बाहेर आहे.”

नानाजी नाकाला उपरणे लावून वाकले. त्यांनी क्षत पाहिले, मग जठराची तीच जागा बाहेरून पाहिली. तिथे भिंत फुटून फुलकोबीसारखे काहीतरी बाहेर आले होते. मग त्यांनी नजर खाली नेली, जिथे दाणे सर्वांत दाट होते.

“चीर इथं पडली,” ते हळू म्हणाले. “भीत इथून गेली. अन् मंग सारं तळाले जाऊन बसलं.”

“करनीचे दाने पिशवीत थोडेच राह्यतेत!” तुळसाबाई म्हणाली.

प्रयागबाईने दाराची चौकट सोडली. कोणाला काही कळायच्या आत ती पुढे आली आणि तिने सासूच्या पोटात हात घातला. एक दाणा नखाने ओढला. निघेना. दुसरा ओढला. शेवटी कातडीचा पापुद्रा घेऊनच एक तुटून आला. तिने तो अंगठ्याच्या नखावर दाबून फोडला, रोज ज्वारी पारखतात तसा.

“यात पीठ नाई,” ती म्हणाली. “हे पडलेलं नोय, उगवलेलं हाये. हे तिचंच आंग हाये.” आणि तिने तो हात, तसाच माखलेला, तुळसाबाईपुढे धरला. “घे. दाबून पाह्य. चिंधीत बांधून ने गावात.”

तुळसाबाईने त्या हाताकडे पाहिले, तोंडावर पदर दाबला आणि बाहेर जाऊन गाईच्या गव्हाणीत ओकली.

नानाजींनी एकेका पंचाला विचारले. एकेकाने मान हलवली. मग ते भिंतीकडे तोंड करून उभ्या असलेल्या दौलतला म्हणाले, “दौलत, इकडे पाह्य. बुढीनं स्वतःचं पेव उघडून दाखवलं. आता सून घरीच राहीन. कोनी काई बोललं तं माह्याकडे धाडजो.”

दौलत वळला. त्याने बायकोकडे नाही, तिच्या हाताकडे पाहिले, आणि तांब्या उचलून तिच्या हातावर पाणी घातले. तेवढेच. ललिताबाईंना त्याचाही राग आला. दीड महिन्यानंतर तांब्याभर पाणी!

तोंड धुऊन तुळसाबाई आत आली, तेव्हा तिचा सूर निराळा होता. “प्रयाग, आजची भाकर माह्या घरून येईन बरं. तुमच्या घरी चूल पेटवाची नाई.”

“आन,” प्रयागबाई म्हणाली. “रीत हाये. पन तेरवीले माह्या हातची पयली भाकर तू खाशीन. या पाचाईच्या समोर.”

तुळसाबाईने नानाजींकडे पाहिले.

“खाईन ते,” नानाजी म्हणाले. “दुसरी मी खातो.”

डॉक्टरांनी पोट शिवले. ललिताबाईंनी भिजलेली चादर काढून नवी घातली, ही न कापलेली. गाडी उन्हातच निघाली.

गोठा धुवायला दुपार गेली. भांडी घासणारी बाई आली नाहीच. ललिताबाईंनी जमिनीवरची वीतभर माती खरवडून काढली, चुना टाकला, गव्हाण राखेने घासली, दोनदा न्हाल्या, तरी केसांत वास होताच. हात हुंगले, तिथेही होता. त्या स्वयंपाकघरात आल्या. काही करायचे त्राण नव्हते. चुलीजवळच्या टोपलीत फडक्याखाली भाकरी होत्या. पहाटे, सासू जाण्याआधी, प्रयागबाईने थापलेल्या. बाहेर गाय सवयीने मान वळवून दाराकडे बघत होती.

दिवेलागणीच्या आधी त्यांनी पाट मांडला आणि लिहिले:

रविवार, २ एप्रिल १९३३. – सोजरबाई सकाळी आठला गेली. गोठा धुतला. फिनेलची बाटली संपली, नवी मागवणे. सकाळच्या भाकरी दोन होत्या. एक ह्यांनी खाल्ली, एक मी. गाईला नुसता कडबा.